उणे चाळीस

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजच्या पहिल्या बसमधल्या एका काकूंनी विचारलं, ही अणूची वीज घरात येते तेव्हा तिच्यासोबत किरणं पण येतात का. मी म्हटलं, येत असती तर तुमचा फ्रीज आतून चमकला असता. काकू गंभीर झाल्या. म्हणाल्या, आमचा चमकतो, दार उघडलं की.

यासाठी मी साहित्यात एम.ए. केलं. गळ्यात पास, हातात काठी, समोर काचेच्या पेटीत अणुवीज केंद्राची प्रतिकृती आणि तोंडात रोजचं भाषण. अणू फुटतात, त्यातून अफाट उष्णता निघते, आणि या अफाट उष्णतेचं माणूस काय करतो? पाणी उकळतो. जगातल्या हुशार माणसांनी आयुष्यं घालवली ती किटली तापवायला. वाफेने टर्बाइनची पाती फिरतात, त्यांना जोडलेलं जनित्र फिरतं, वीज होते. मग ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो, कारण कमी दाबाने पाठवली तर ती वाटेतच तारा तापवून संपते. पुढे मनोरे, मोठं उपकेंद्र, धाकटं उपकेंद्र, प्रत्येक ठिकाणी दाब कमी करत करत शेवटी तुमच्या मिक्सरपर्यंत. प्रतिकृतीच्या टोकाला प्लास्टिकचं एक घर आहे. मी बटण दाबतो, घरात पिवळा दिवा लागतो, लोक टाळ्या वाजवतात. स्वतःच्या घरी रोज बटण दाबतात तेव्हा कोणी वाजवत नाही.

यातला खरा विनोद भाषणात सांगायची परवानगी नाही. केंद्राच्या तारा आमच्या कॉलनीच्या डोक्यावरून जातात, पण त्यातलं आमच्या घरात थेट काही उतरत नाही. ती वीज सगळ्या केंद्रांच्या जाळ्यात जाऊन मिसळते, आणि आमच्याकडे येते ती पलीकडच्या गावाच्या उपकेंद्रातून, एका लुकड्या लाइनीवरून. तिच्यावर फांदी टेकली की आम्ही अंधारात. वर तारा गुणगुणत असतात, खाली आम्ही मेणबत्ती शोधत असतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

राहतो ताईकडे. नाव मदतीला आलोय असं आहे. ताई मला शहाण्या म्हणून हाक मारते आणि ते कौतुक नाही.

भावोजी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहेत. म्हणजे सातशे मेगावॅटची किटली त्यांच्या हातात. असा माणूस कसा असेल असं वाटतं? तसा तो नाही. भावोजी स्टुलावर चढायच्या आधी स्टूल हलवून बघतात. गॅस बंद केला की स्वतःशीच पण मोठ्याने ‘गॅस बंद’ म्हणतात. आणि कोणी काही सांगितलं की ते परत म्हणून दाखवल्याशिवाय जागचे हलत नाहीत. ताई म्हणते, येताना कांदे आणा. ते म्हणतात, येताना कांदे आणतो. ताई म्हणते, हो. मग चपला. कंट्रोल रूममध्ये असंच चालतं म्हणे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच उलट म्हणायचं, पहिल्याने हो म्हणायचं, मगच हात बटणाकडे जायचा. यांचं लग्नही असंच ठरलं असणार.

मी विचारलं, दिवसभर काटे बघत बसायचा कंटाळा येत नाही का? म्हणाले, “येतो. येऊ द्यायचा असतो.” हेच वाक्य एखाद्या कवीला सुचलं असतं तर त्याने त्यावर दोन संग्रह काढले असते. भावोजींच्या तोंडून निघालं आणि आमटीत पडलं.

त्यांचं सगळं आयुष्य एका परवान्यावर आहे. काही वर्षांनी परीक्षा, परत परवाना, परत खुर्ची. परवाना काढून घेतला तर भांडारात नट-बोल्ट वाटायचं काम, आणि हे क्वार्टर खाली करायचं, कारण गेटाजवळची घरं पाळीतल्या लोकांसाठीच असतात. ताईला हे घर फार आवडतं. तिने मोरीच्या खिडकीलासुद्धा पडदा शिवलाय. मोरीला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आमच्या जनसंपर्क साहेबांना मी मनात इस्त्री म्हणतो. शर्ट, आवाज, मतं, सगळ्यावरून एकदा गरम फिरवलेलं. त्यांना आज माझी कल्पना पसंत पडली: माहिती केंद्राच्या दारात मोठ्ठा फलक, लाल आकड्यांचा, केंद्रातून या क्षणी बाहेर किती वीज जातेय ते दाखवणारा. २१ तारखेला मुख्य कार्यालयातले मोठे साहेब येणार, फलकाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते, आणि त्या वेळी आकडा गोल पाहिजे. सातशे. इस्त्री म्हणाले, एवढं नीट पार पडलं तर तुझं कायम करायचं बघू.

मला इथे कायम व्हायचंच नाही. पण कोणीतरी विचारावं आणि मी विचार करून सांगतो म्हणावं, एवढी इच्छा आहे. तीही क्षुद्रच आहे, माहितीय मला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

जेवताना भावोजींना सांगितलं, उद्या अकराला कार्यक्रम, सातशे पाहिजेत.

“अकराला कार्यक्रम, सातशे पाहिजेत. ऐकलं.”

“ऐकलं म्हणजे?”

“ऐकलं म्हणजे ऐकलं. देतो म्हणालो नाही.”

ताई हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एकवीस ते सत्तावीस या माझ्या वयात लिहिलेली एकही ओळ छापून आलेली नाही, आणि आता एक आकडा माझ्या नावावर लागणार, तोही हा माणूस जपून देणार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

अकराला पडदा बाजूला केला. ७००. टाळ्या. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. भाषण मीच लिहिलं होतं, त्यात ‘अखंड’ हा शब्द पाच वेळा होता. तिसऱ्या अखंडला दूरवरून वाफ सुटल्यासारखा आवाज आला आणि त्यांच्या मागे आकडा शून्यावर आला.

शून्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. फलकच बंद पडला म्हटलं असतं. पण तो खाली गेला. उणे चाळीस. केंद्र बंद पडलं तरी आतले पंप चालू ठेवावे लागतात, भट्टी थंड करत राहावं लागतं, त्यासाठी बाहेरून वीज ओढावी लागते. मला हे माहीत होतं, भाषणात रोज सांगतो. आकडा खालीही जाऊ शकतो हे फलक करताना डोक्यातच आलं नाही. वीज देणारं केंद्र वीज खातंय, हे हातभर उंचीच्या लाल आकड्यांत, मोठ्या साहेबांच्या कानामागे. इस्त्री फलकासमोर जाऊन उभे राहिले. फलक त्यांच्यापेक्षा रुंद होता.

माहिती केंद्रातले दिवे मात्र छान चालू. ते त्या लुकड्या लाइनीवर. अंधार झाला तो लांबच्या शहरात. एवढं मोठं केंद्र एका झटक्यात निघालं की जाळ्याचा तोल जातो, आणि तो सावरायला काही भाग आपोआप कापले जातात. कोणाची लिफ्ट अडकली असेल, कोणाचं दळण.

संध्याकाळी कळलं की केंद्र बंद पडलं नव्हतं. बंद केलं होतं. भावोजींनी, हाताने.

ते उशिरा आले. दोन घास खाल्ले. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ बसले. पोट बिघडलं असणार.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कॅन्टीनमध्ये चष्मेवाला भेटला. भावोजींच्या पाळीतला धाकटा ऑपरेटर, चष्म्याची काच जाड, तोंडात कायम ‘दादा असं म्हणाले’. त्याच्याकडून कळलं ते असं. टर्बाइनच्या एका बेअरिंगवर हादरे मोजणारे तीन सेन्सर. एक सकाळपासून वर. तो बिघडला असेल असं सगळे म्हणत होते. साडेदहानंतर दुसराही हलायला लागला. तिसरा शांत. दोघांनी मर्यादा ओलांडली तर यंत्र आपोआप थांबतं, पण दुसरा मर्यादेच्या अलीकडेच नाचत होता. वरून निरोप आला, कार्यक्रम होईपर्यंत धरा. भावोजींनी तो निरोप शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. मग म्हणाले, धरता येणार नाही, आणि बंद केलं.

चष्मेवाला हे असं सांगत होता जणू भावोजींनी पुरातून कोणाला तरी ओढून काढलंय. मी विचारलं, मग बेअरिंगला झालं काय होतं? म्हणाला, अजून उघडलं नाहीये.

मी म्हटलं, बघू.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

उघडलं. शनिवारी रात्रीच, मला आज कळलं. बेअरिंग आरशासारखं स्वच्छ. दोन सेन्सरच्या वायरी एकाच डब्यातून गेल्यात आणि त्या डब्यात पाणी शिरलं होतं. बस. कपभर पाणी आणि एक घाबरट माणूस, यावर सातशे मेगावॅट गेले. वर भट्टी लगेच पेटतही नाही. बंद केली की तिच्यात काही काळ असला वायू साचतो की तो विरेपर्यंत नुसतं बसून राहायचं. शुक्रवारी गेलेलं केंद्र रविवारी परत चालू झालं.

इस्त्रींनी बोलावलं. वर्तमानपत्रांसाठी पत्रक हवंय, म्हणाले. छोटं, गुळगुळीत, विषय संपवणारं. आणि म्हणाले, तुझे नातेवाईक आहेत ते मला माहितीय, म्हणून तर तुला देतोय, तू योग्य शब्द वापरशील. मी चार मसुदे केले. चौथा उतरला: ‘यंत्रणेत कोणताही दोष नसून, मानवी चुकीमुळे केंद्र काही काळ बंद राहिले.’ मोठ्याने वाचून बघितलं. कुठे अडखळत नाही. नाव कोणाचं नाही. इस्त्री दोनदा वाचून म्हणाले, वा. मला कोणी वा म्हटल्याला किती काळ झाला होता ते इथे लिहीत नाही.

घरी पत्रकाची प्रत टेबलावर राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. भावोजींनी चष्मा लावून वाचली, परत वाचली, पेन्सिल मागितली. मला वाटलं आता भांडण, आणि मी तयार होतो. त्यांनी खालच्या परिच्छेदात ‘जनित्राचे बेअरिंग’ खोडून ‘टर्बाइनचे बेअरिंग’ केलं. कागद सरळ करून परत ठेवला.

“उद्या छापून येईल का?”

“परवा.”

“परवा,” म्हणाले, आणि झोपायला गेले.

माणसाला राग तरी यावा. एवढासुद्धा कणा नसेल तर लोक चूक म्हणणारच.

रविवार, ३० नोव्हेंबर

कॉलनीने भावोजींचं नामकरण केलंय: लोडशेडिंग. भाजीवाली शेजारणीला सांगत होती, ते काय लोडशेडिंग साहेबांचं घर, त्यांच्या पुढचं. कॅन्टीनमध्ये कोणाचा चहा सांडला तरी, लोडशेडिंगला बोलवा, बंद करतील. यातले दोन विनोद चांगले आहेत, एक माझा आहे.

चौकशी समिती बसणार. तोवर भावोजींना कंट्रोल रूम बंद, ट्रेनिंगच्या इमारतीत नुसतं बसवून ठेवलंय. ते रोज पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघतात आणि पाळी सुटल्यावर येतात. डबा अर्धा परत येतो. ताई तो माझ्यासमोर उघडते, बघते, धुवायला नेते. माझ्याशी ती गुरुवारी पत्रक छापून आलं तेव्हापासून बोललेली नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवल्याचा आवाज मोठा येतो.

तिला काय समजावणार. पत्रक ही एक भाषाशैली असते. त्यात ‘मानवी’ म्हणजे कोणीच नसतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

संध्याकाळी चष्मेवाला घरी आला. पिशवीत सफरचंदं, आजाऱ्याला बघायला आल्यासारखी. भावोजींची खुर्ची आता त्याच्याकडे आहे. थोडा वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला की सोमवारी दुसरा सेन्सर परत हलला. डबा बदललाय, वायरी नव्या आहेत, तरी हलला. तो बघत बसला. काटा वर गेला, थांबला, खाली आला. झालं काहीच नाही.

भावोजींनी विचारलं, पुस्तकात काय आहे?

नियमांच्या पुस्तकात आहे की काटे आपसात भांडत असतील आणि खरा कुठला ते कळत नसेल तर थांबवायचं.

“मग का नाही थांबवलंस?”

चष्मेवाला सफरचंदांकडे बघत होता. “ती चूक म्हणून छापलीय ना, दादा. माझ्या घरी पण पेपर येतो. आई म्हणाली, तू असलं काही करू नकोस.”

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. ताई सफरचंद चिरत होती, तिनेही नाही. बघितलं असतं तर उत्तर तयार होतं माझ्याकडे. पत्रक जनतेसाठी असतं, ऑपरेटरने ते वाचून काटे बघायचे नसतात. मी हे उत्तर दोनदा मनात म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा ते जरा लांबलं.

भावोजी उठून त्याच्यासमोर उभे राहिले. मी त्यांचा तो आवाज घरात कधी ऐकला नव्हता, चढलेला नाही, सपाट.

“पुढच्या वेळी वाट बघायची नाही. माझं काय होतं ते बघायचं नाही.”

“पुढच्या वेळी वाट बघायची नाही,” चष्मेवाला म्हणाला. आणि अडकला.

भावोजी थांबून राहिले.

“तुमचं काय होतं ते बघायचं नाही.”

“हो.”

मग त्याने सफरचंद खाल्लं.

मंगळवार, ९ डिसेंबर

समितीने उद्या मलाही बोलावलंय. ‘मानवी चूक’ हे कोणी ठरवलं, एवढंच विचारायचंय म्हणे. इस्त्रींनी दार लावून घेतलं आणि समजावलं. कंट्रोल रूममधून तशी माहिती मिळाली, असं सांगायचं. कोणाकडून ते आठवत नाही. विषय संपला. आणि तुझा कायमचा कागद माझ्या टेबलावर सहीला आहे, हे ते असं म्हणाले जणू दुसऱ्याच कशाबद्दल बोलतायत.

खोटं बोलायचा मला प्रश्न नाही. मी कथा लिहितो. पण ‘तशी माहिती मिळाली’? मिळाली कशी, पावसासारखी? इतकं गचाळ वाक्य माझ्या तोंडी द्यायचं आणि वर अपेक्षा ठेवायची की मी ते नीट म्हणेन.

ताईने आज ताट ठेवलं ते आवाज न करता. तेच जास्त वाईट होतं.

बुधवार, १० डिसेंबर

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे तिघं. मधल्या बाई अध्यक्ष, केस पांढरे, पेनाचं टोपण चावत होत्या. कोपऱ्यात इस्त्री. भावोजी बाहेर बाकावर, मांडीवर डबा.

बाईंनी पत्रक पुढे सरकवलं. हे तुम्ही लिहिलंत? हो. ‘मानवी चूक’ कशाच्या आधारावर?

‘तशी माहिती मिळाली’ असं मी म्हणणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं.

“आधार नव्हता. वाक्य बरं वाटत होतं.”

बाईंनी टोपण तोंडातून काढलं. “म्हणजे?”

“खरं लिहायचं तर काटे, सेन्सर, वरचा निरोप, सगळंच लिहावं लागलं असतं. लांबलं असतं.”

“कुठला वरचा निरोप?”

कार्यक्रम होईपर्यंत धरा, हा. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना माहितीय, मी म्हटलं. त्यांना माहीत नव्हतं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग तिघांनी मिळून इस्त्रींकडे. त्यांची कॉलर एकदम मोठी झाल्यासारखी दिसली.

बाईंचा शेवटचा प्रश्न: लिहिण्याआधी कंट्रोल रूममधल्या कोणाशी बोलला होतात का?

“त्यातल्या एकांच्या शेजारी बसून रोज जेवतो,” मी म्हटलं. “त्यांना विचारलं नाही.”

बाईंनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मला तहान लागली नव्हती. तरी सगळी प्यायलो.

मग भावोजींना आत घेतलं. दुपार सरली तरी दार उघडेना.

शुक्रवार, १२ डिसेंबर

निकाल. भावोजींनी केलं ते पुस्तकाप्रमाणे, परवाना कायम, बुधवारपासून पाळी. निरोप कोणी दिला त्याची वेगळी चौकशी. वायरी वेगवेगळ्या वाटांनी न्यायच्या. पत्रकाबद्दल एक ओळ: यापुढे तांत्रिक कारण तपासल्याशिवाय छापू नये. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मात्र इस्त्रींनी दुपारीच पास मागून घेतला. महिनाअखेर संपणारं कंत्राट आजच संपलं. फलकावर सातशे दिसत होते, त्याखालून बाहेर पडलो.

बातमी छापून येणार नाही. ‘काही झालं नव्हतं, आणि ज्याने थांबवलं तो बरोबर होता’ याची बातमी कशी करणार? मी स्वतः तीन मसुदे करून बघितले. तिन्ही पडले. कॉलनीत ते लोडशेडिंगच राहणार.

भावोजींसोबत चालत घरी आलो. वाटेत त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, नोकरी गेली ना? मी म्हटलं, गेली. ताईला कोण सांगणार? मी म्हटलं, तुम्ही.

“मी नाही,” भावोजी म्हणाले. “मी आत्ताच सुटलोय.”

हा त्यांनी केलेला विनोद होता हे मला कोपऱ्यावर आल्यावर कळलं.

ताईला मीच सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं शहाण्या, तसंही तुला काठी शोभत नव्हती.” आणि मग पदराने माझंच तोंड पुसलं. इतकं जोरात की कान लाल झाला.

बुधवार, १७ डिसेंबर

भावोजी सकाळच्या पाळीला गेले. मी दिवसभर घरी. ताईचा मिक्सर चालला, मग पंप, मग शेजारच्यांचा टीव्ही, त्यावर बातम्या, त्यात आमच्याबद्दल काही नाही. एकदा दिवा फडफडला, मी उठून उभा राहिलो, पण ती फांदी होती. बाकी कुठे लांब कोणाची लिफ्ट वर गेली असेल, खाली आली असेल, आतल्या माणसाने त्या वेळात आरशात भांग पाडला असेल. असल्या दिवसावर लिहून काय करणार, आणि लिहिलं तर वाचणार कोण.

दुपारी ते आले. मी दारातच विचारलं, आज काय झालं?

“काही नाही.”

पुढे काही बोलतील म्हणून मी थांबून राहिलो. त्यांनी हात धुतले, पाटावर बसले, डबा ताईकडे दिला. तो रिकामा होता. तरी तिने वाढलं, तर त्यांनी सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.